बारटेंडर व्हायचंय ना भिया, मग आधी लिंबं कापा

दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतला कोणीतरी पोरगा मला गाठतोच, कधी इथे इंदूरात सुदामा नगरच्या गणपतीत, कधी लग्नात पंगतीला शेजारी बसून, आणि हळूच विचारतो की दादा तुमच्या लाईनमध्ये यायचं असेल तर काय करावं लागतं. हळूच अशासाठी की पलीकडे त्याची आई बसलेली असते. तिथे धड बोलता येत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, जसं आठवेल तसं, क्रम लावत बसणार नाही.

पहिली गोष्ट, बाटल्या उडवणं डोक्यातून काढून टाका. त्याला फ्लेअर म्हणतात, दिसतं भारी, रीलवर तर फारच भारी, पण मी नऊ वर्षांत ड्युटीवर बाटली उडवली असेल ती फक्त न्यू इयरला आणि दोन-चार संगीत पार्ट्यांमध्ये. बाकीचे दिवस कसे असतात सांगतो. दुपारी तीनला पोचायचं, बार उघडायच्या आधी दीडशे लिंबं पिळायची, संत्र्याच्या साली काढायच्या, पुदिना निवडायचा (आईसमोर कधी निवडला नाही तो इथे निवडायचा), साखरेचा पाक करायचा, ग्लास पुसायचे, बर्फाच्या बादल्या वाहून आणायच्या, फ्रीज भरायचा, कालचा स्टॉक मोजायचा. या तयारीला हॉटेलात मीज म्हणतात. मग सहा-सातला गेस्ट यायला लागतात आणि बारापर्यंत उभं, आणि शेवटचा गेस्ट गेला की पुन्हा सगळं धुवायचं आणि पुन्हा मोजायचं. हे वाचूनही यावंसं वाटत असेल तर पुढे वाचा.

सुरुवात बारटेंडर म्हणून होत नाही, बारबॅक म्हणून होते. बारबॅक म्हणजे बारटेंडरचा हरकाम्या, बर्फ आण, क्रेट उचल, ग्लास धू, लिंबं काप. सहा महिने ते वर्ष यात जातं आणि पोरं इथेच कंटाळून सोडतात. माझं विचाराल तर खरं शिक्षण तेवढंच असतं, कारण तुम्ही चांगल्या माणसाच्या कोपराशी उभे राहून बघत असता की शनिवारी रात्री एकदम अकरा ऑर्डर आल्या की तो आधी कुठली घेतो. बिअर आणि नीट, म्हणजे काही न मिसळलेले, पेग आधी निघतात, शेक करायचं सगळं एकत्र, आणि ज्याच्यात सोडा आहे ते सगळ्यात शेवटी. कोणी शिकवत नाही, बघून हातात बसतं.

काम मागायला कधी जायचं हेही सांगतो, कारण इथेच निम्मी पोरं चुकतात. विजय नगर, पलासिया, बायपास, जिथे कुठे जाल तिथे दुपारी तीन ते पाचच्या मध्ये जा, शनिवारी तर अजिबात जाऊ नका, आणि रात्री नऊला जाऊन मॅनेजरला भेटायचंय म्हणालात तर तो तुम्हाला आयुष्यभर लक्षात ठेवेल पण चुकीच्या कारणाने. काळा साधा शर्ट, बंद बूट, कापलेली नखं, अत्तर नको. बायोडेटा एका पानाचा. नखं पहिल्यांदा बघतात, खरं सांगतो, कारण हीच बोटं लिंबाला लागणार आहेत. आणि म्हणा की आधी दोन दिवस ट्रायल करतो. ट्रायलला तुमचे कॉकटेल कोणी बघत नाही, रिकाम्या हाताने चालता का ते बघतात. जाताना घाणेरडे ग्लास घेऊन जायचं, येताना धुतलेले घेऊन यायचं, हात मोकळा दिसला की समजायचं हा अजून गेस्टच आहे.

कोर्स करावा की नाही? करायचाच असेल आणि वय लहान असेल तर हॉटेल मॅनेजमेंट करा, आपल्याकडे भोपाळ आणि ग्वाल्हेरला सरकारी आयएचएम आहेत, तिथे तीन वर्षांची डिग्री आहे आणि प्रवेश एनसीएचएम जेईई या परीक्षेतून मिळतो. नुसतं बारटेंडिंग शिकवणारे मुंबई-दिल्लीत बरेच जण आहेत, मुंबईत शतभी बसूंची स्टर अकॅडमी जुनी, त्यांना भारतातली पहिली महिला बारटेंडर म्हणतात. पण फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, की रोज खऱ्या बर्फावर आणि खऱ्या लिंबावर प्रॅक्टिस आहे का. मी एका ठिकाणी (नाव नको) घरच्यांकडून उसने घेऊन फी भरली आणि सहा आठवडे प्लॅस्टिकच्या बाटल्या हवेत उडवल्या, सर्टिफिकेट छान गुळगुळीत कागदावर मिळालं. पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात मी सोडा शेकरमध्ये घालून जोरात हलवला. गॅस आहे त्याच्यात, झाकण उडालं, आणि सगळा माल कॅप्टनच्या, म्हणजे वेटरांच्या मुख्याच्या, पांढऱ्या शर्टावर. सहा आठवड्यांत कोणी सांगितलं नव्हतं की सोडा, टॉनिक, कोला कधीच शेक करायचं नसतं, वरून ओतायचं असतं.

घरी काय करता येतं ते मात्र भरपूर आहे आणि दारूचा थेंब लागत नाही. एक स्टीलचा शेकर, एक पेग मेजर ज्याच्या एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ६० मिली असतं, एक लांब चमचा, एक गाळणी आणि बाटलीच्या तोंडाला लावायचा पोअरर, एवढं घ्या. रिकाम्या बाटलीत पाणी भरा. आता पोअररमधून ओतताना मनात सारख्या चालीने एक-दोन-तीन-चार मोजायचं, चारला ६० मिली झालं पाहिजे, म्हणजे दर आकड्याला १५. ओतलं की मेजरमध्ये घालून बघा किती झालं. पहिल्या दिवशी कधी ४५ येईल कधी ८०. रोज अर्धा तास, महिनाभर. माझी आजी ओसरीवर बसून बघायची आणि म्हणायची की हा पाण्याने पाणी मोजतोय, याला झालंय तरी काय. ड्युटीवर मेजरच वापरायचं बरं का, बहुतेक ठिकाणी तसा नियमच असतो, पण हाताला अंदाज असला की वेग येतो आणि मेजर खोटं भरलं तर डोळ्याला लगेच कळतं.

हे एवढं का, तर हिशोब बघा. ७५० मिलीच्या बाटलीत ३० चे २५ पेग. तुमचा हात सैल आहे आणि प्रत्येक वेळी ३५ जातंय, तर पेग निघतात २१. चार पेग गेले हवेत. पेग तीनशेला विकत असाल तर एका बाटलीमागे बाराशे रुपये, आणि रात्रीत दहा बाटल्या उघडल्या तर मालक तुम्हाला का ठेवेल तुम्हीच सांगा. आणि उलटं करायचं, म्हणजे २५ मिली देऊन ३० चे पैसे, ते तर चोरीच आहे, आणि इंदूरचा गेस्ट पोहे खाऊनसुद्धा सांगतो की आज जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आपला मसाला) कमी आहे, त्याला कळणार नाही असं समजू नका.

आता बाटलीच्या आत काय आहे ते. सहा घराणी पाठ करा, व्हिस्की, रम, व्होडका, जिन, टकीला, ब्रँडी, आणि प्रत्येकाचं मूळ कशात आहे ते, म्हणजे रम उसातून, टकीला मेक्सिकोच्या अगावे नावाच्या झाडातून, ब्रँडी द्राक्षातून किंवा दुसऱ्या फळातून, जिन म्हणजे ज्याच्यात ज्युनिपर नावाच्या फळाचा वास पुढे असतो. भारतीय बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं आणि बाजूला २५ यू.पी., पोरांना हे यू.पी. म्हणजे उत्तर प्रदेश वाटतं, हसू नका, मलाही वाटलं होतं. ते अंडर प्रूफ आहे, जुनं इंग्रजी माप, १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७ टक्के, त्याच्या २५ ने खाली म्हणजे ४२.८. गेस्टला हे कोणी विचारत नाही पण इंटरव्ह्यूला विचारतात.

कॉकटेल शंभर पाठ करू नका. आधी एक सावर (इंग्रजी sour, म्हणजे आंबट-गोड ड्रिंक) नीट करा, बाकीची निम्मी त्याच्यातूनच निघतात. ६० दारू, २०-२५ लिंबू, २० साखरेचा पाक (साखर आणि पाणी समान, गरम करून गार केलेला, फ्रीजमध्ये). पांढरी रम घातली की डायकिरी, व्हिस्की घातली की व्हिस्की सावर, टकीला घालून पाकाच्या जागी ऑरेंज लिकर घातलं की मार्गारिटाच्या घरात पोचलात. दुसरं निग्रोनी, ते तर शाळेतल्या पोरालाही पाठ होईल, जिन ३०, कॅम्पारी (लाल कडवट लिकर) ३०, गोड व्हर्मूथ (मसाले घातलेली वाईन) ३०. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशन म्हणून एक जुनी संस्था आहे, १९५१ ची, त्यांची यादी फुकट बघायला मिळते, आपल्या हॉटेलची रेसिपी वेगळी असली तरी वाद झाला की हीच यादी काढतात. एक लक्षात ठेवा, आपलं कागदी लिंबू बारीक आणि फार आंबट, परदेशी रेसिपीतलं माप जसंच्या तसं घातलं तर तोंड वाकडं होतं, म्हणून चाखा. स्ट्रॉ बुडवून वरचं टोक बोटाने दाबायचं, थेंबभर वर येतो, तो चाखायचा आणि स्ट्रॉ फेकायची.

शेक कधी आणि ढवळायचं कधी, याचा नियम सोपा आहे. लिंबू, रस, क्रीम, अंडं असेल तर शेक. नुसती दारू-दारू असेल तर चमच्याने ढवळा. शेक दहा-बारा सेकंद, बाहेरून शेकर पांढरा धुरकट झाला आणि हाताला चटका बसायला लागला की बास. तेवढ्यात बर्फाचं बरंच पाणी ड्रिंकमध्ये उतरतं आणि ते उतरायलाच हवं, ते पाणी रेसिपीचा भाग आहे, पोरं समजतात बर्फ फक्त गार करायला असतो. ओलसर, अर्धवट विरघळलेला बर्फ घेतला की ड्रिंक पाणचट, म्हणून कोरडा, कडक, मोठा बर्फ.

बर्फावर अजून एक, आणि हे मी प्रत्येक नव्या बारबॅकला पहिल्या दिवशी सांगतो. ग्लासने बर्फ उचलायचा नाही, कधीच नाही, कितीही गर्दी असली तरी स्कूपनेच. ग्लास आतल्या आत तडकला तर काच आणि बर्फ वेगळं ओळखता येत नाही. आणि बर्फाच्या पेटीच्या जवळपास जरी काच फुटली तरी सगळा बर्फ फेकायचा, गरम पाणी ओतून पेटी रिकामी करायची, पुसायची, मग नवा भरायचा. शनिवारी रात्री दहाला हे करायला जीव जातो, गेस्ट ओरडतात, मॅनेजर डोळे वटारतो. तरी करायचं.

कायद्याचं थोडं, कंटाळवाणं आहे पण नोकरी याच्यावरच जाते. मध्य प्रदेशात दारू प्यायचं वय २१ आहे, महाराष्ट्रात बिअर-वाईनला २१ आणि बाकी दारूला २५, म्हणून पुण्याहून आलेली पोरं इथे खुश असतात. चेहरा कोवळा दिसला की आधार बघायचं, गोड बोलून बघायचं. आपल्याकडे दारूचं सरकारी खातं म्हणजे आबकारी, रेस्टॉरंटच्या बारला एफएल-२, हॉटेलच्या बारला एफएल-३, क्लबला एफएल-४ लायसन्स असतं, तुम्ही कुठल्या लायसन्सखाली उभे आहात ते माहीत पाहिजे. बाटलीवरचा होलोग्राम बघूनच स्टॉकमध्ये घ्यायची, एका बाटलीतली दारू दुसरीत ओतायची नाही, आणि महागड्या रिकाम्या बाटल्या झाकणासकट भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत, तो त्या कशाला मागतो हे तुम्हाला कळायला हवं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ड्राय डे, आणि निवडणूक असली की मतदान संपायच्या आधीचे ४८ तास. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर धरून १९ ठिकाणी दारूबंदी झाली, त्यामुळे उज्जैनची पोरंही आता काम शोधत इकडे येतात, स्पर्धा वाढली आहे. आणि बिलावर गेस्ट भांडतो की दोन टॅक्स का लावले, तर दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, जेवणावर आणि मॉकटेलवर जीएसटी. हे दोन वाक्यांत हसून सांगता आलं की भांडण संपतं.

माझा मावसभाऊ बडोद्याला असतो, त्यालाही हेच करायचं होतं. गुजरातमध्ये १९६० पासून दारूबंदी, बार कुठून आणणार. त्याने तिथे लग्नांमध्ये मॉकटेलचा काउंटर लावला, दोन वर्षं नुसते सिरप, फळं, मसाले यांच्यावर हात बसवला, मग गोव्याला गेला सीझनला. आज त्याचे सिरप माझ्याहून चांगले आहेत, हे मी त्याच्या तोंडावर म्हणत नाही. म्हणून इंदूरच्या पोरांनाही म्हणतो की लगेच बारमध्ये काम नाही मिळालं तर लग्नाचा सीझन आहे, केटररकडे मॉकटेल काउंटरवर उभे राहा, तीनशे लोकांची रांग सांभाळायची सवय होते आणि घरी सांगायलाही सोपं जातं.

आपल्या गावाचाही फायदा घ्या की. ग्लासच्या काठाला मीठ सगळे लावतात, तुम्ही जीरावन लावून बघा, पेरूचा रस, व्होडका, लिंबू, आणि अर्ध्याच काठाला जीरावन, ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पिईल. आणि बाहेरगावच्या गेस्टने शिकंजी मागितली तर आधी विचारा कुठली, कारण त्याच्या डोक्यात लिंबूपाणी असतं आणि आपल्या सराफ्यातली शिकंजी म्हणजे दाट दूध, केशर, सुकामेवा. मी एकदा न विचारता मागवली होती, व्हिस्कीबरोबर.

गेस्टबद्दल काय सांगू, हे लिहून येत नाही. तरी एक. जास्त झालेल्या माणसाला नाही म्हणणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. चारचौघांत म्हणायचं नाही, त्याच्या मित्रांसमोर त्याची इज्जत जाते आणि मग तो भांडतो. जवळ जायचं, आवाज खाली, "भिया, आता थोडं पाणी घेऊ, काहीतरी गरम खायला पाठवतो." पुढची ऑर्डर हळू करायची. गाडीची किल्ली दिसली तर कॅब बोलवायची. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल, दोन्हीही होऊ शकतं, हे त्याला सकाळी समजेल, रात्री तुम्हालाच समजायला हवं. आणि तुम्ही स्वतः ड्युटीवर प्यायची नाही. गेस्ट म्हणतो की माझ्याकडून एक घे, हात जोडून म्हणायचं की नंतर घेतो. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या चौघांपैकी दोघं याच्यातच संपले, हातात माझ्याहून जास्त कला होती.

मुलींनी यावं का, तर का नाही. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या हॉटेलांच्या केसमध्ये बायकांना बारमध्ये काम करायला बंदी घालणारं जुनं कलम रद्द केलंय. फक्त जॉईन होण्याआधी रात्री घरी सोडायला हॉटेलची गाडी आहे का हे लेखी विचारा. तोंडी सगळेच हो म्हणतात.

पैसा सुरुवातीला कमीच. माझा पहिला पगार सांगायला लाज वाटते. टिप सगळ्यांत वाटली जाते, कशी वाटतात ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, नंतर विचारलं तर वाईट दिसतं. दोन-तीन वर्षं झाली की गोवा, मुंबई, दुबई, नाहीतर क्रूझ. क्रूझला एसटीसीडब्ल्यूचं बेसिक ट्रेनिंग (जहाजावरच्या सुरक्षेचं) आणि सीडीसी (जहाजावर काम करणाऱ्याचं सरकारी ओळखपुस्तक) लागतं, आणि एजंटकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरती करायचं, लायसन्स आहे का ते त्यांच्या साईटवर नंबर टाकून बघा. नोकरी लावून देतो म्हणून दोन लाख मागणारा दिसला की चहा पिऊन उठा, चहाचे पैसेही त्यालाच देऊ द्या.

घरी कसं सांगायचं हे शेवटी, कारण पोरं खरं तेच विचारतात. मी वर्षभर हॉटेलात आहे एवढंच म्हणत होतो. मग आईला एका दुपारी, बार बंद असताना, घेऊन गेलो, ओटा दाखवला, तिने तो बोटाने पुसून बघितला, फ्रीज उघडून बघितला, आणि म्हणाली घरी असं स्वच्छ ठेवत नाहीस कधी. आजीला अजून ज्यूसचं दुकान वाटतं. स्थळं बघताना बायोडेटात हॉटेल इंडस्ट्री लिहिलं होतं, पहिल्याच भेटीत खरं सांगितलं, दोन ठिकाणांहून नकार आला, तिसरीकडे मुलीने विचारलं की मोहितो येतो का.

पहिल्या रात्री जाताना खिशात ओपनर, दोन पेनं (एक कोणीतरी नेतंच), लायटर, छोटी वही. बूट जाड सोलचे आणि न घसरणारे. आणि निघायच्या आधी पोटभर जेवून घ्या, पोळी-भाजी, नुसते पोहे नको, कारण स्टाफचं जेवण एक वाजता मिळतं आणि तोपर्यंत तुमच्या नाकासमोरून रात्रभर दुसऱ्यांचे पनीर टिक्के जात असतात.